त्याने तिला आधी का नाही सांगितलं?

मे महिन्यात चार दिवस आम्ही कोल्हापूरला आत्याकडे होतो. दुपारची वेळ, बाहेर ऊन रणरणतंय, आत्या पलंगावर आडवी झालेली, मी खाली फरशीवर उशी घेऊन पडलेली आणि माझी भाची खिडकीत पाय वर घेऊन एक जाडजूड पुस्तक वाचत बसलेली. तीनचार तास तिने मान वर केली नव्हती. मग एकदम तिने पुस्तक धाडकन मिटलं आणि म्हणाली, "मावशी, त्याला माहीत होतं. सगळ्यांना माहीत होतं. फक्त तिलाच नाही सांगितलं!" पोरीच्या डोळ्यांत पाणी होतं, रागाने आलेलं.

पुस्तक होतं सारा जे. मासचं 'अ कोर्ट ऑफ सिल्व्हर फ्लेम्स', २०२१ साली आलेलं. ज्यांना वाचायचंय त्यांनी हा परिच्छेद सोडून द्या कारण मी सगळं फोडणार आहे. तर या मालिकेतली फेयरा ही मूळची माणूस, गरीब घरातली शिकार करून बहिणींना जगवणारी पोरगी, आणि तिचा नवरा रिसँड हा फे लोकांतला, म्हणजे आपले यक्ष-गंधर्व कसे तसे, पाचशे वर्षांपेक्षा जास्त जगलेला, पंखवाला, प्रचंड ताकदीचा राजा. या भागात ती गरोदर असते आणि त्याला कळतं की बाळाला पंख आहेत आणि या बाळंतपणात ती जगणार नाही. आणि तो तिला हे सांगत नाही. बाकीच्यांनाही सांगू नका म्हणून ताकीद देतो. शेवटी तिची बहीण नेस्टा भांडणाच्या भरात ते बोलून टाकते. हा तोच रिसँड बरं का, ज्याच्यावर लाखो वाचक फिदा आहेत कारण आधीच्या पुस्तकांत तो सतत फेयराला म्हणत असतो की निर्णय तुझा, तू ठरव.

आत्याने डोळे न उघडता विचारलं, "कुणाला काय नाही सांगितलं गं?" मग भाचीने तिला सगळं सांगितलं, अगदी पहिल्या पुस्तकापासून, पाऊण तास लागला. आत्या उठून बसली होती तोवर.

हे लिहायला घेतलं ते त्या दुपारमुळे. कारण गेली वीसेक वर्षं मी एक वाक्य ऐकतेय, की हे असलं वाचणाऱ्यांना काय मत असतं, स्वप्नात रमायचं असतं नि काय. आणि मी बघतेय की रोमान्स आणि फँटसी वाचणाऱ्या बायका आणि मुलींइतकं कडक मोजमाप लावून वाचणारे लोक मला दुसरीकडे फार भेटलेले नाहीत. गंभीर कादंबरी आवडली नाही तर आपण गप्प बसतो, वाटतं आपल्यालाच कळली नसेल. इथे तसं नाही, इथे वाचक थेट लेखिकेला विचारतात की तू हे वचन दिलं होतंस, मोडलंस का?

आत्या आता चौऱ्याहत्तरची आहे. तिच्या लहानपणी गल्लीतल्या लायब्ररीतून चंद्रकांत काकोडकरांच्या कादंबऱ्या यायच्या आणि त्यांना वर्तमानपत्राचं कव्हर घालूनच वाचायचं असा नियम होता, घरातला नाही, मुलींनी आपापसांत केलेला. काकोडकरांच्या 'श्यामा' या कथेवर तर अश्लीलतेचा खटला झाला होता, 'रंभा' मासिकाच्या १९६२ च्या दिवाळी अंकात ती आली होती. हायकोर्टात निकाल विरोधात गेला आणि १९६९ मध्ये सुप्रीम कोर्टाने लेखकाला सोडलं. त्या निकालात एक मुद्दा आहे जो मला फार आवडतो, की लैंगिकतेचा नुसता उल्लेख म्हणजेच अश्लील असं धरलं तर निव्वळ धार्मिक पुस्तकं सोडून दुसरं काही विकताच येणार नाही. आणि त्याच वर्षी काकोडकरांच्याच 'निलांबरी'वरून काढलेला 'दो रास्ते' हा हिंदी सिनेमा आला आणि सगळं घर मिळून तो बघायला गेलं, आत्या सांगते. कादंबरी कव्हर घालून आणि सिनेमा सहकुटुंब.

आत्याला मी विचारलं की त्या कादंबऱ्यांत तुला आवडायचं काय. मला वाटलं ती प्रेमप्रसंग वगैरे म्हणेल. ती म्हणाली, "त्यातल्या बायका बोलायच्या गं. मनात काय आहे ते समोरच्याला तोंडावर सांगायच्या. आमच्याकडे कोण सांगत होतं?"

बघा, इथेही सांगणंच आलं.

जॅनिस रॅडवे नावाच्या अमेरिकन अभ्यासक बाईंचं एक पुस्तक आहे, १९८४ चं, 'रीडिंग द रोमान्स'. मला ते एका मैत्रिणीने दिलं होतं आणि मी ते दोनदा वाचलंय. रॅडवेबाईंनी काय केलं, तर नुसत्या कादंबऱ्या वाचून त्यावर मत ठोकण्यापेक्षा त्या कादंबऱ्या वाचणाऱ्या बायकांनाच जाऊन विचारलं. एका शहरातल्या, पुस्तकात त्या शहराला स्मिथटन असं खोटं नाव दिलंय, बेचाळीस बायकांकडून त्यांनी प्रश्नावली भरून घेतली, कितीतरी जणींशी तासन्‌तास बोलल्या. तिथे एक पुस्तकविक्रेती होती, जी कोणती कादंबरी घ्यायची आणि कोणती नाही हे गिऱ्हाइकांना सांगायची आणि सगळ्या तिच्या शब्दावर विश्वास ठेवायच्या. त्या बायकांचे नियम ठरलेले होते. नायक क्रूर नको, जबरदस्ती नको, शेवट दुःखाचा नको. काही जणी तर आधी शेवटचं पान वाचून मग पुस्तक घ्यायच्या. आणि वाचायचं कशासाठी तर दिवसभर नवऱ्याचं आणि पोरांचं करून झाल्यावर तो एक तास फक्त माझा, त्या वेळात मला कुणी हाक मारायची नाही. मी हे वाचलं तेव्हा मला माझी आईच दिसली, रात्री साडेदहाला ओटा पुसून झाल्यावर स्वयंपाकघरातच स्टुलावर बसून वाचणारी. बाहेरच्या खोलीत चांगली खुर्ची होती पण तिथे गेलं की कुणीतरी पाणी मागायचं.

मी स्वतः कॉलेजात मिल्स अँड बून खूप वाचलं. १९०८ साली लंडनमध्ये सुरू झालेली ही कंपनी आणि तिची पातळ पातळ पुस्तकं आमच्या हॉस्टेलवर एका खोलीतून दुसऱ्या खोलीत फिरायची, पानं सुटलेली, कव्हर गेलेलं, आतल्या पानावर आधीच्या मुलींनी पेन्सिलीने शेरे मारलेले. एका पुस्तकात नायक नायिकेचं पत्र तिला न देता खिशात ठेवतो त्या पानावर कुणीतरी मोठ्या अक्षरात लिहिलं होतं, 'नालायक'. खाली वेगळ्या अक्षरात, 'थांब पुढे वाच'. आणि त्याखाली तिसरीचं, 'वाचलं, तरी नालायकच'. मला आजही ते पान आठवतं. कोण होत्या त्या मुली माहीत नाही पण पुस्तकावरची चर्चा कशी असावी तर अशी असावी असं मला मनापासून वाटतं.

आता फँटसीचं सांगते, कारण रोमान्स आणि फँटसी एकत्र आले की हा प्रश्न फार धारदार होतो. साध्या प्रेमकथेत लपवून लपवून काय लपवणार, आधीचं लग्न, कर्ज, आजार. जादूच्या जगात मात्र एकाला असं काही माहीत असू शकतं की ज्यावर दुसऱ्याचं अख्खं आयुष्य टांगलेलं आहे. रेबेका यारोसचं 'फोर्थ विंग' घ्या, २०२३ चं, जे हल्ली प्रत्येक विमानतळावरच्या दुकानात पुढेच मांडलेलं दिसतं. बाहेर अशा पुस्तकांची लाट टिकटॉकवरून पसरली, पण टिकटॉक आपल्याकडे २०२० च्या जूनमध्ये बंद झालं त्यामुळे ती आपल्या मुलींपर्यंत इन्स्टाच्या रील्समधून आली. तर त्यात ड्रॅगन आणि त्याचा स्वार यांचं नातं असं आहे की ड्रॅगन मेला तर स्वारही मरतो. नायिका व्हायोलेटचा ड्रॅगन आणि नायक झेडनची ड्रॅगन हे एकमेकांचे जोडीदार निघतात, म्हणजे आता या चौघांचे जीव एकमेकांत गुंतले. आणि झेडन कोण तर ज्या बंडखोराला देहान्ताची शिक्षा झाली त्याचा मुलगा, आणि व्हायोलेटची आई त्याच राज्याची सेनापती. मला हे फार आवडलं. कारण इथे जादूचा नियम प्रेमाची वाट सोपी करत नाही, उलट दोघांना जवळ राहायला भाग पाडतो आणि मग प्रेम त्यांचं त्यांना कमवावं लागतं.

आणि तिथेही तेच, तो तिच्यापासून राज्याचं सगळ्यात मोठं गुपित लपवतो, पुढचं 'आयर्न फ्लेम' हे अख्खं पुस्तक मग त्याच भांडणावर चालतं. माझ्या दोन मैत्रिणींनी ते अर्ध्यात सोडलं, एकच भांडण किती वेळा करायचं म्हणून. माझं उलट, मला ते भांडण लांबलं हेच बरोबर वाटलं, खऱ्या घरात असलं भांडण एका रात्रीत मिटतं का? वर्षानुवर्षं भाजी निवडताना पण निघतं ते.

याच्या विरुद्ध उदाहरण म्हणजे 'ट्वायलाइट'. २००५ मध्ये पहिला भाग आला, मी तो एका रात्रीत वाचून काढला होता आणि मला तो आवडला होता, हे मी ठणकावून सांगते. त्यातला नायक, एडवर्ड नावाचा व्हॅम्पायर, रात्री नायिका बेलाच्या खोलीत येऊन ती झोपलेली असताना तिला बघत बसतो यावर नंतर जगभर टीका झाली आणि ती मला पटते, आज माझ्या भाचीच्या बाबतीत कुणी असं केलं तर मी पोलिसात जाईन. पण माझं मन खरं उडालं ते २००८ च्या 'ब्रेकिंग डॉन'मध्ये, जिथे बेलावर जीव टाकणारा, लांडगा होऊ शकणारा जेकब तिच्याच नुकत्याच जन्मलेल्या बाळाशी 'इम्प्रिंट' होतो, म्हणजे लांडग्यांच्या जादूने त्याचा जीव कायमचा त्या बाळाशी जोडला जातो. लेखिका लाख सांगते की आत्ता ते फक्त माया आहे, पण वाचकांनी ते स्वीकारलं नाही, आजही त्यावर चिडून बोलतात. का चिडतात? कारण तीन पुस्तकं आम्ही या मुलाचं दुःख स्वतःचं मानलं, बेला मिळाली नाही म्हणून तो तडफडतोय ते बघितलं, आणि लेखिकेने ते दुःख जादूच्या एका फुंकरीने पुसून टाकलं. त्याने काहीच ठरवलं नाही, त्या बाळाला तर विचारायचा प्रश्नच नाही. जादूने प्रेमाचं काम केलं की वाचकाला फसवल्यासारखं वाटतं, आणि हे कळायला साहित्याची पदवी लागत नाही, चौदा वर्षांच्या मुलींना ते आधी कळलं होतं.

मला या प्रकारातलं सगळंच आवडतं असं मुळीच नाही. पाचशे वर्षांच्या पुरुषाला एकोणीस वर्षांचीच मुलगी का भेटते हे मला अजून कुणी समजावून सांगितलेलं नाही. सहाशे-सातशे पानांतली दोनशे काढली तर पुस्तक जास्त चांगलं होईल असं मला दर वेळी वाटतं. 'स्पायसी', म्हणजे शृंगाराच्या प्रसंगांबद्दल माझी तक्रार नाही, तक्रार इतकीच की युद्ध तोंडावर आलंय, माणसं मरतायत आणि मध्येच वीस पानं कथा थांबते. भाची म्हणते ती पानंच वाचायला लोक येतात. काही जण येत असतील. ती स्वतः त्या पानांवरून भराभर पुढे जाते आणि भांडणांची पानं दोनदा वाचते, मी बघितलंय.

मराठीत हे आता मोबाईलवर जोरात चालू आहे. प्रतिलिपीसारख्या ॲपवर भाग-भाग करून कथा येतात, कॉन्ट्रॅक्ट मॅरेज, श्रीमंत रागीट नायक, साध्या घरातली मुलगी. खाली वाचक लिहितात पुढचा भाग लवकर टाका ताई. लोक त्यालाही नावं ठेवतात, पण मी त्या प्रतिक्रिया नियमित वाचते आणि सांगते, नायकाने हात उचलला की खाली बायका तुटून पडतात, हिने आता माहेरी जायलाच हवं, याला असा सोडू नका. भाजीच्या पिशव्या बाजूला ठेवून बस स्टॉपवर उभं राहून टाइप केलेलं मत आहे ते, शुद्धलेखन गेलं खड्ड्यात, पण मत पक्कं आहे. आणि लेखिकेला पुढचा भाग लिहिताना ते ऐकावं लागतं.

मधे मी जुन्या मराठी कादंबऱ्यांबद्दल वाचत होते, तेव्हा नारो सदाशिव रिसबूड यांच्या 'मंजुघोषा'ची माहिती मिळाली. १८६८ सालची कादंबरी, राजपुत्र, राजकन्या, अद्भुत गोष्टी, सगळं आहे. त्याच्या प्रस्तावनेत रिसबूड म्हणतात त्याचा आशय असा, की आपल्या लोकांची लग्नाची रीतच अशी आहे, आणि बाकीचीही कारणं आहेत, की आपल्या आयुष्यात रंगतदार असे ना दुर्गुण सापडतात ना सद्गुण, रोज अनुभवतो तेच लिहिलं तर त्यात मन गुंतवणारं काही नाही, म्हणून मनोरंजक पुस्तक लिहायचं तर अद्भुताकडेच वळावं लागतं. मी हे वाचून कितीतरी वेळ तशीच बसले. दीडशे वर्षांपूर्वी हा माणूस सांगतोय की लग्न दुसऱ्यांनी ठरवायचं, मुलीला विचारायचं नाही, तर मग प्रेमाची गोष्ट घडणार कुठे, ती दुसऱ्याच जगात न्यावी लागते. मला वाटतं माझी भाची खिडकीत बसून जे वाचतेय त्याचं कारणसुद्धा याहून फार वेगळं नाही. त्या जगात ड्रॅगन आहेत म्हणून ती तिथे जात नाही. तिथे मुलीला विचारलं जाईल अशी तिची अपेक्षा असते, आणि म्हणून तिथेही विचारलं नाही की तिला रडू येतं.

तर त्या दिवशी संध्याकाळी. चहा झाला, आत्याने भडंग केलं, आम्ही तिघी मागच्या पायरीवर बसलो होतो. आत्या म्हणाली तुमच्या त्या पंखवाल्यापेक्षा आपल्याकडची गोष्ट ऐक, आणि तिने कच-देवयानीची गोष्ट काढली. महाभारतातली, आदिपर्वातली. भाचीला अर्धवट माहीत होती. देवांच्या बाजूने बृहस्पतीचा मुलगा कच असुरांच्या गुरूकडे, शुक्राचार्यांकडे येतो, मेलेल्याला जिवंत करणारी संजीवनी विद्या शिकायला. शुक्राचार्यांची मुलगी देवयानी त्याच्या प्रेमात पडते. असुर त्याला मारून तुकडे लांडग्यांना घालतात, देवयानी रडते, बाप त्याला जिवंत करतो. पुन्हा मारतात, पुन्हा जिवंत. तिसऱ्यांदा जाळून त्याची राख मद्यात घालून शुक्राचार्यांनाच पाजतात. आता कच बाहेर यायचा तर गुरूचं पोट फाडूनच, म्हणजे गुरू मरणार. म्हणून शुक्राचार्य पोटातल्या कचाला विद्या शिकवतात, तो बाहेर येतो आणि मेलेल्या गुरूला उठवतो. पुढे निघायची वेळ येते, देवयानी म्हणते माझ्याशी लग्न कर, आणि तो म्हणतो तू गुरूची मुलगी, आणि ज्या देहातून तू आलीस त्याच पोटात मी राहिलो, तू माझी बहीण.

आत्याने हे इतकं छान सांगितलं की मी पण पहिल्यांदा ऐकल्यासारखी ऐकत होते. खांडेकरांच्या 'ययाति'त, १९५९ ची ती कादंबरी, १९७४ चं ज्ञानपीठ मिळालेली, देवयानी स्वतःच्या तोंडाने बोलते, तरी ती वाचताना मला कायम असं वाटत आलंय की तिच्या बाजूने अजून कुणी नीट विचार केलेला नाही. गर्विष्ठ, हट्टी, सगळे तिला एवढंच म्हणतात. तीन वेळा तिने त्याला मरणातून परत आणवलं, हे कुणी मोजत नाही.

भाचीने पहिला प्रश्न काय विचारला, तर, "पोटातून बाहेर आल्यावर तो किती दिवस राहिला तिथे?"

आत्या म्हणाली, "बरीच वर्षं की. एकूण हजार वर्षांचा मुक्काम सांगितलाय."

"मग त्याच दिवशी का नाही सांगितलं? पोटातून आला म्हणून भाऊ झाला ना, मग ते त्याला त्याच दिवशी कळलं असणार. इतकी वर्षं ती वाट बघतेय आणि हा रोज तिच्यासमोर वावरतोय."

मी ही गोष्ट लहानपणापासून ऐकत आलेय, शाळेत शिकलेय, आणि हा प्रश्न मला कधी पडला नव्हता. आत्या पण गप्प झाली. भडंगातले शेंगदाणे बाजूला काढत बसली, तिला आता चावत नाहीत. मग म्हणाली, "सांगितलं असतं तर त्याच दिवशी निघावं लागलं असतं बाळा. त्याचाही पाय निघत नसेल."

"म्हणजे स्वतःसाठी लपवलं. मग तो पण याच्यासारखाच." भाचीने मांडीवरच्या पुस्तकावर हात आपटला.

"हो, तसाच," आत्या म्हणाली. "पण हिने त्याला शाप दिला. तू शिकलेली विद्या तुला कधी फळणार नाही म्हणून. ज्याच्यासाठी आला होता तेच काढून घेतलं. त्याने पण उलटा शाप दिला ते सोड, पण हिने दिला ना आधी. तुझ्या पुस्तकातलीने काय दिलं त्याला?"

भाची विचार करत राहिली. "काही नाही. म्हणजे चिडली ती. पण पुस्तक तिच्या बहिणीच्या आणि त्या दुसऱ्याच्या नजरेने आहे ना, त्यामुळे ते दोघं एकमेकांशी नक्की काय बोलले ते नीट दाखवलेलंच नाही. मग एकदम सगळं ठीकच झालेलं दिसतं."

"दाखवलंच नाही?" आत्याला हे अजिबात पटलं नाही. "एवढं जाड पुस्तक आणि तेच नाही? बघ बरं परत, असेल कुठेतरी."

अंधार पडायला लागला होता. भाचीने मोबाईलचा टॉर्च लावला, पुस्तक उघडलं आणि ती पानं उलटून शोधायला लागली, आणि आत्या चष्मा घालून तिच्या खांद्यावरून बघायला लागली, इंग्रजी तिला फारसं येत नाही तरी.